पैठणी उजेडात, लॅपटॉप अंधारात

नवा लॅपटॉप घेताना आपण ‘आय-फाइव्ह की आय-सेव्हन’ एवढंच विचारतो. फोटोंवर काम करायचं असेल, तर पहिला प्रश्न पडद्याचा असायला हवा.

भाचीच्या हळदीचे फोटो मी हौसेनं काढले, दोन रात्री जागून लॅपटॉपवर नीट केले आणि अल्बम छापून तिच्या हातात दिला. पहिलं पान उघडून ती म्हणाली, “मामा, मला हळद लावली होती की शेंदूर?” तिचं बरोबर होतं. पानोपानी सगळी वऱ्हाडी मंडळी शेंदूर फासलेल्या मारुतीसारखी चमकत होती. मी तावातावानं लॅबवाल्याकडे गेलो. त्यानं काही न बोलता माझीच फाइल त्याच्या मॉनिटरवर उघडली. तिथंही सगळे शेंदरी. छपाईत काही बिघडलं नव्हतं, बिघडवलं होतं मीच. माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर हळद फिकी दिसायची, म्हणून मी रंग चढवत गेलो होतो.

पुढे त्या लॅपटॉपची बिजागरी मोडली आणि नवा घ्यायची वेळ आली. दुकानातल्या मुलानं प्रोसेसर सांगितला, रॅम सांगितली, बॅग फुकट मिळेल हेही सांगितलं. पडद्याबद्दल एकच वाक्य : “फुल एचडी आहे, सर.”

आपल्याकडे पैठणी घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटवर कुणी विश्वास ठेवत नाही. ‘जरा उजेडात दाखवा हो’ म्हणत पदर दारापर्यंत नेला जातो. धूपछाव रंग असेल तर हलवून, तिरका धरून बघितला जातो. तेवढ्याच किमतीचा लॅपटॉप मात्र आपण खोक्यावरचे आकडे वाचून घरी आणतो.

आधी जुन्याचा निकाल लावा

लॅपटॉप ‘हळू चालतो’ म्हणजे तो मोडीत काढायलाच हवा असं नाही. आत फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवा. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या पुढे. जोडीला रॅम वाढवता आली, तर यंत्र आणखी दोन-तीन वर्षं काढतं.

अडचण येते ती विंडोजची. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात, त्याला या परीक्षेत नापास झाल्यावर निवृत्ती दिलेली बरी.

आणखी एक वाट आहे. लॅपटॉप धडधाकट आहे, फक्त पडदा फिका आहे आणि फोटोंचं काम घरी टेबलावरच होतं, असं असेल तर नवा लॅपटॉप घेऊच नका. एसआरजीबीचे (ते काय, हे पुढे येतंच) जवळपास सगळे रंग दाखवणारा २४ इंची आयपीएस मॉनिटर घ्या. तो नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या छोट्या हिश्श्यात येतो.

पडदा : खोक्यावर न लिहिलेली गोष्ट

एसआरजीबी म्हणजे काय? १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी पडद्यांसाठी रंगांची एक सामाईक चौकट सुचवली. १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. डोळ्याला दिसणाऱ्या रंगांपैकी जेमतेम एक तृतीयांश रंग या चौकटीत मावतात. पण इंटरनेटवरचे फोटो, बहुतेक फोटो लॅब आणि समोरच्याचा साधा मोबाइल हे सगळे याच चौकटीत बोलतात. म्हणून आपल्या पडद्यानं निदान ही चौकट पूर्ण भरावी, एवढीच अपेक्षा.

स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं सापडतं. एनटीएससी हे १९५३ सालच्या अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीचं माप. त्याचे ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीचे साधारण ६० ते ६५ टक्के. जे रंग गळतात ते नेमके आपल्या लग्नघरातले असतात. कुंकू विटकरी दिसतं, झेंडू मलूल होतो, हळदीला पिठूळपणा येतो. काम करणारा बिचारा रंग वाढवत जातो आणि अल्बममध्ये शेंदूर उतरतो. ‘७२ टक्के एनटीएससी’ किंवा ‘१०० टक्के एसआरजीबी’ असं लिहिलेलं असेल, तर पडदा कामाचा समजावा. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच.

याच्या वरची पायरी सिनेमाच्या दुनियेतून आलेल्या पी३ रंगांची. ओएलईडी पडदे बहुतेक याच पायरीवर असतात. त्यांच्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण तिथं उलटा धोका संभवतो. रंगांचं व्यवस्थापन न जाणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साधा फोटोही भडक दिसतो, मग आपण रंग उतरवतो आणि छापील फोटो निस्तेज येतो. असा पडदा घेतलात तर सेटिंगमध्ये एसआरजीबीचा पर्याय आहे ना, ते पाहा. शिवाय काही ओएलईडी पडदे सूक्ष्म लुकलुकतात, त्यानं काहींचे डोळे शिणतात. वर्षानुवर्षं एकाच जागी राहणाऱ्या पट्टीचा डाग उमटण्याचीही शक्यता असते.

उजळपणा निट्समध्ये मोजतात. २५० निट्सचा पडदा खिडकीपाशी हार मानतो. ३०० ठीक, ४०० असेल तर उत्तम. मात्र फोटोंवर काम करताना तो शंभर-सव्वाशेच्या आसपास उतरवावा. ‘अल्बम काळपट आला’ या नेहमीच्या तक्रारीमागे अनेकदा पूर्ण उजळ ठेवलेला पडदा असतो. पडद्यावर फोटो लख्ख दिसतो, म्हणून कुणी तो आणखी उजळवत नाही. कागदाला मात्र स्वतःचा दिवा नसतो.

रॅमचा हिशेब

चोवीस मेगापिक्सेलचा एक फोटो घ्या. प्रत्येक ठिपक्याला तीन रंग, १६ बिटमध्ये काम करताना प्रत्येक रंगाला दोन बाइट. गुणाकार केला तर १४४ एमबी. हा झाला एक लेयर. दहा लेयर चढवले की दीड जीबीच्या घरात गेलात. त्यात ब्राउझरच्या वीस खिडक्या आणि व्हॉट्सअॅप. आठ जीबीचा लॅपटॉप इथंच गुडघे टेकतो.

रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काम करणाऱ्यांना याची झळ जास्त बसते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. म्हणून तर फ्लॅशमध्ये पांढरी पडलेली शालूची जर रॉमधून बऱ्याचदा परत आणता येते. त्याचा भार यंत्रालाच उचलावा लागतो.

तेव्हा १६ जीबी ही किमान मर्यादा समजा. पॅनोरामा, भरपूर लेयर आणि जोडीला व्हिडिओ असेल तर ३२. दुकानात विचारायचा प्रश्न असा : ‘रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉट रिकामा आहे?’ अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये ती सोल्डर केलेली असते, म्हणजे आज घ्याल तीच शेवटपर्यंत. ‘नंतर वाढवू’ म्हणण्यात दुसरा धोका किमतीचा. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवली आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्यानं चढले.

आकड्यांच्या पाट्या

प्रोसेसरच्या नावांचा घोळ कंपन्यांनीच घातला आहे. एएमडीचा ‘रायझेन ५ ७५२०यू’ आणि ‘रायझेन ५ ७५४०यू’ हे सख्खे भाऊ वाटतात. पण या मालिकेत खरी ओळख तिसऱ्या आकड्यात असते. पहिल्यात तो दोन, म्हणजे २०१९ सालची झेन २ रचना. दुसऱ्यात चार, म्हणजे दोन पिढ्या पुढची झेन ४. इंटेलनंही आता नव्या मालिकांतून ‘आय’ काढून ‘कोअर’ आणि ‘कोअर अल्ट्रा’ अशी नावं दिली आहेत. शेवटच्या अक्षराकडे लक्ष द्या. यू म्हणजे काटकसरी, बॅटरी पुरवणारा. एच म्हणजे दमदार, पण तापणारा. रंग आणि उजेडाच्या नेहमीच्या दुरुस्त्यांसाठी अलीकडच्या पिढीचा मधला प्रोसेसर पुरेसा होतो. सगळ्यात महागडा प्रोसेसर चुकीचा रंग फक्त लवकर दाखवतो.

वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं का? पूर्वी याचं उत्तर बहुतेकांसाठी ‘नाही’ असं होतं. एप्रिल २०२३ मध्ये अडोबीनं लाइटरूममध्ये एआयवर चालणारं डीनॉइज आणलं आणि हिशेब बदलला. मांडवातल्या अंधारात काढलेला दाणेदार फोटो ते स्वच्छ करतं, पण सगळा भार ग्राफिक्सवर टाकतं. साध्या अंगभूत ग्राफिक्सवर एका फोटोला काही मिनिटं जाऊ शकतात, चांगल्या कार्डवर काही सेकंद. सहलीचे दहा फोटो असतील तर चहा घेऊन या. लग्नाचे तीनशे असतील तर कार्ड घ्या.

कार्डाच्या मोहानं गेमिंग लॅपटॉप घेताना मात्र सावध राहा. त्यातल्या स्वस्त मॉडेलांत कार्ड तगडं आणि पडदा तोच ४५ टक्क्यांचा, अशी जोडी सर्रास आढळते. वजनही सव्वादोन-अडीच किलो असतं. पंखा जोरात घुमतो आणि चार्जर काढला की बहुतेकांचा वेग पडतो.

अॅपलच्या मॅकबुक एअर आणि प्रोची बाजू इथं जड आहे. पडदा पी३चा, बॅटरीवरही तोच वेग आणि ऑक्टोबर २०२४ नंतर मूळ मॉडेलातही १६ जीबी मेमरी. वाईट बाजू ही, की मेमरी आणि साठवण पुढे वाढवता येत नाही आणि खरेदीच्या वेळी वाढवायची तर किंमत उडी मारते. रोजच्या कामात श्रीलिपीसारखं जुनं सॉफ्टवेअर, जुना प्रिंटर किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचा डोंगल असेल, तर ते मॅकवर किंवा स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपवर चालेल का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

साठवण आणि भोकं

एक रॉ फाइल तीस एमबीची धरली, तर तीन हजार फोटोंचं लग्न नव्वद जीबी खातं. ५१२ जीबीची एसएसडी एका लग्नसराईत भरते. जमलं तर एक टीबी घ्या, नाहीतर बाहेरची एसएसडी जोडा. आणि फोटो एकाच ठिकाणी ठेवू नका. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत भावाच्या कपाटातही चालते.

मेमरी कार्डाचा स्लॉट आणि यूएसबीची जातही बघा. यूएसबी २.० वरून ६४ जीबीचं कार्ड उतरवायला अर्धा तास जातो. यूएसबी ३ च्या रीडरनं साध्या पण चांगल्या कार्डाला दहा-बारा मिनिटं पुरतात.

आता बिल आणि वॉरंटी. बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. व्यवसाय जीएसटीत नोंदणीकृत असेल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्या, त्याची वजावट हिशेबात घेता येते. वॉरंटीत माणूस घरी येतो की आपण लॅपटॉप घेऊन तालुक्यावरून जिल्ह्याला जायचं, हे विचारा. मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या, कारण एकाच नावाखाली दोन-तीन वेगवेगळे पडदे विकले जातात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी कंपन्यांतून उतरलेले जुने लॅपटॉप बऱ्या भावात मिळतात. तिथं विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढून मूळ आणि आजची क्षमता ताडून पाहा.

दारापर्यंत

दुसऱ्यांदा दुकानात गेलो तेव्हा खिशात पेनड्राइव्ह होता. त्यात पाच फोटो : हळदीचा, शालूतल्या नवरीचा, काळ्या कोटातल्या काळ्याभोर केसांचा, संध्याकाळच्या आभाळाचा आणि एक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी करडी पट्टी. सोबत लॅबवाल्याकडून नीट छापून घेतलेली हळदीच्या फोटोची एक प्रत.

“लॅपटॉप जरा दारापाशी नेऊ का?” मी विचारलं. पोरगा गोंधळला. “सर, त्याला चोरीची केबल आहे.” मग त्याला स्वतःलाच कुतूहल वाटलं असावं, त्यानं कुलूप काढलं. एकामागून एक तीन लॅपटॉप आम्ही दारातल्या उजेडात ठेवले, उजळपणा सारखा केला आणि एकच फोटो उघडला. तीन पडद्यांवर तीन हळदी होत्या. एक पिठासारखी, एक शेंदराकडे झुकलेली. तिसऱ्याशेजारी छापील प्रत धरली, तर दोन्हींत फरक शोधावा लागत होता.

“हाच द्या,” मी म्हणालो. प्रोसेसर कोणता, ते त्यानंतर विचारलं.