लेखांक 7 : खोडदचं ग्राफिक्स कार्ड

ओव्हरक्लॉकिंगवर कधी लिहिणार, ही विचारणा लेखमाला सुरू झाल्यापासून होते आहे. ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव, सगळीकडच्या पोरांना तेच हवं आहे: आहे त्याच कार्डातून चार फ्रेम जास्त कशा काढायच्या? आज त्यावर लिहितो. पण सुरुवात खोडदपासून करतो, कारण जुनं यंत्र अपग्रेड कसं करावं याचा मला ठाऊक असलेला सगळ्यात चांगला दाखला नारायणगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. आणि त्या यंत्राच्या पोटात जी कार्डं बसवली, ती गेमिंग कार्डांची सख्खी भावंडं आहेत.

खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आपण सगळ्यांनी बाहेरून पाहिलेली असते. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यातल्या 14 खोडदजवळ साधारण एका चौरस किलोमीटरात आणि उरलेल्या 16 तीन दिशांना पसरलेल्या. टोकाच्या दोन तबकड्यांमधलं अंतर जवळपास 25 किलोमीटर. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली आणि 2002 पासून ती जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली झाली. पुढे दहा-बारा वर्षांनी तिच्यापुढे तोच प्रश्न उभा राहिला जो पाच वर्षं जुन्या पीसीपुढे उभा राहतो: सांगाडा भक्कम आहे, पण जग पुढे गेलं. मग काय बदलायचं?

दुर्बिणीच्या अपग्रेडचं काम पाहणारे यशवंत गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी तबकड्यांना हात लावला नाही. लोखंड आणि तारांची जाळी तशीच ठेवली. बदलले ते तबकडीच्या तोंडाशी बसणारे ग्राहक, त्यांच्यामागचे रिसीव्हर, सिग्नल वाहून आणणारी फायबरची यंत्रणा आणि शेवटी हिशोब करणारे कॉम्प्युटर. पूर्वी ही दुर्बीण एका वेळी 32 मेगाहर्ट्झ इतकाच पट्टा ऐकायची. आता 400 मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. पट्टा साडेबारा पट रुंद झाला की गोंगाटातून क्षीण सिग्नल वेगळा काढण्याची ताकद त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे कागदावर सुमारे साडेतीन पट, वाढते. नाहीतर तेवढीच ताकद मिळवायला आकाशाच्या त्याच तुकड्याकडे साडेबारा पट वेळ बघत बसावं लागलं असतं. हे सगळं होत असताना दुर्बीण वर्षानुवर्षं बंद ठेवली नाही. जुनी यंत्रणा चालू ठेवून शेजारी नवी उभारली, तपासली, आणि मग काम तिच्यावर सोपवलं.

आता त्या हिशोबाकडे नीट बघू, कारण ग्राफिक्स कार्ड इथे येतं. 400 मेगाहर्ट्झचा पट्टा पकडायचा तर सिग्नलची मोजणी सेकंदाला 80 कोटी वेळा करावी लागते. प्रत्येक तबकडीतून दोन सिग्नल येतात, म्हणजे 60. एकूण सेकंदाला 4,800 कोटी आकडे. प्रत्येक सिग्नल आधी हजारो बारीक पट्ट्यांमध्ये फोडायचा आणि मग प्रत्येक तबकडीचा दुसऱ्या प्रत्येक तबकडीशी गुणाकार करायचा. 30 तबकड्यांच्या अशा 435 जोड्या होतात. आणि उसंत नाही. हिशोब मागे पडला तर आकाशातून आलेलं ते गेलंच, ते परत येत नाही.

गेममध्ये काय होतं? 1920 गुणिले 1080 च्या पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके असतात आणि सेकंदाला 60 वेळा त्या प्रत्येकाचा रंग नव्याने ठरवायचा असतो. एकच छोटं गणित, लाखो ठिकाणी, एकाच वेळी. एक-दोन हुशार कोअरपेक्षा हजारो साधे कोअर हे काम लवकर उरकतात, म्हणून ग्राफिक्स कार्ड जन्माला आलं. 2007 मध्ये एनव्हिडियाने कुडा आणलं आणि हे हजारो कोअर कोणत्याही गणिताला जुंपता येऊ लागले. खोडदचं काम अगदी त्याच जातीचं. ऑस्ट्रेलियातलं स्विनबर्न विद्यापीठ आणि एनव्हिडियाची भारतातली मंडळी यांना सोबत घेऊन नवी यंत्रणा घडवली गेली. समोर सिग्नलचे आकडे करणारे रोच नावाचे बोर्ड, मागे सर्व्हरची रांग, आणि त्या सर्व्हरमध्ये टेस्ला के40 कार्डं.

के40 हे 2013 चं कार्ड. त्याच वर्षी एनव्हिडियाने जीटीएक्स 780 टीआय हे गेमिंग कार्डही आणलं. दोन्हींच्या मुळाशी एकाच घराण्याची चिप, दोन्हींत 2,880 कोअर. पण मूळ क्लॉक बघा: गेमिंग कार्डाचा 875 मेगाहर्ट्झ, के40 चा 745. ज्या कार्डाची किंमत कितीतरी पट जास्त, त्याचा वेग कंपनीने स्वतःहून कमी ठेवला. वर 810 आणि 875 अशा दोन पायऱ्या दिल्या, पण त्या वापरणाऱ्याने मुद्दाम निवडायच्या. मेमरी मात्र 3 जीबीच्या जागी 12 जीबी, आणि तीही आपली चूक आपण पकडून दुरुस्त करणारी. ही निवड मला फार बोलकी वाटते. गेममध्ये एका ठिपक्याचा रंग चुकला तर पुढच्या सोळा मिलिसेकंदांत तो पुसला जातो. दिवसरात्र चालणाऱ्या शास्त्रीय हिशोबात चूक तशीच उरते आणि कुणाच्या तरी शोधनिबंधात जाऊन बसते.

क्लॉक वाढवल्याची किंमत कुठे मोजावी लागते तेही समजून घेऊ. चिपमध्ये खर्च होणारी वीज क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. क्लॉक दहा टक्के वर नेला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही दहा टक्के वाढवलं, तर खर्च 1.1 गुणिले 1.21, म्हणजे 1.33 पट. वेग दहा टक्के, उष्णता 33 टक्के. हेच उलटं करून पाहा. क्लॉक तोच ठेवून व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवता आलं, तर उष्णता 19 टक्क्यांनी घटते. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. कंपनी प्रत्येक चिपला जरा जास्तच व्होल्टेज देते, कारण लॉटमधली सगळ्यात कमकुवत चिपही चालायला हवी; तुमची चिप त्याहून चांगली असेल तर ती जास्तीची वीज नुसती तापते.

जुन्नर-आंबेगावात मी ओव्हरक्लॉकिंगच्या आधी अंडरव्होल्टिंग सुचवतो, आणि त्याचं कारण हवा आहे. कार्डांची परीक्षणं वातानुकूलित खोलीत होतात. मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत 38 अंश असतात. तुमची खोली परीक्षणाच्या खोलीपेक्षा तेरा अंशांनी जास्त तापलेली असेल तर चिपही जवळपास तेवढीच जास्त तापते. बरीच गेमिंग कार्डं 83 अंशांच्या आसपास पोचली की स्वतःहून क्लॉक खाली आणतात. म्हणजे ओव्हरक्लॉक करून वर नेलेला वेग दुपारी तीन वाजता कार्डच परत घेतं, वर वीजबिल वाढतं ते वेगळंच.

मग अपग्रेड करायचं तर खोडदसारखं करावं. कुकडीच्या पाटातून जास्त पाणी हवं असेल तर पाण्याला ढकलून उपयोग नसतो, जिथे पाट अरुंद झालाय तिथे तो रुंद करावा लागतो. आपल्या पीसीत पाट कुठे अरुंद झालाय हे फुकटात कळतं. गेम चालू ठेवून कार्ड किती टक्के कामात आहे ते बघा. आफ्टरबर्नरसारखं सॉफ्टवेअर ते पडद्याच्या कोपऱ्यातच दाखवतं. सतत 95 च्या वर असेल तर कार्ड अपुरं पडतंय. कार्ड 60 वर रेंगाळतंय आणि प्रोसेसरचा एखादा कोअर पूर्ण भरलाय, तर नवं कार्ड आणूनही फ्रेम वाढणार नाहीत. आणि गेम उघडायलाच दोन मिनिटं लागत असतील तर दोघांचाही दोष नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा.

रॅमबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण इथे सर्रास नुकसान होताना दिसतं. 16 जीबीची एकच पट्टी विकली जाते आणि घेतली जाते. 3200 ची डीडीआर4 पट्टी एकटी असेल तर सेकंदाला 25.6 जीबी वाहून नेते. तीच रॅम 8-8 च्या दोन पट्ट्यांत, योग्य खाचांत बसवली तर 51.2. क्लॉक तोच, वाट दुप्पट. ज्यांच्याकडे वेगळं कार्ड नाही आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळ चालतो, त्यांना हा फरक पडद्यावर लगेच दिसतो. दुसरं, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू आहे का ते बघा. नसेल तर 3200 चे पैसे दिलेली रॅम 2133 किंवा 2400 वर चालत असते. खरं तर एक्सएमपी हेही ओव्हरक्लॉकिंगच, पण पट्टी बनवणाऱ्याने स्वतः तपासून दिलेलं. इतकं ओव्हरक्लॉकिंग प्रत्येकाने करावं.

आता विजेचं. डीपीवरच्या मोटारी चालू झाल्या की दाब खाली येतो, बंद झाल्या की उसळतो. चांगला एसएमपीएस 100 ते 240 व्होल्टपर्यंत काम करतो, त्यामुळे दाब उतरला म्हणून तो लगेच बंद पडत नाही; कमी दाबावर तो जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो. ओव्हरक्लॉक केलेलं कार्ड त्यावर आणखी भार टाकतं. पण त्याहून मोठी अडचण अर्थिंगची आहे. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार गावोगावी आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांच्यामधून अर्थच्या तारेला जोडलेले असतात. अर्थ नसली की पत्र्यावर साधारण निम्मा दाब, 115 व्होल्टच्या आसपास, उभा राहतो. करंट अगदी थोडा असल्याने नुसत्या मुंग्या येतात. पण त्याच अवस्थेत एसएमपीएसमध्ये बिघाड झाला तर पत्र्यावर पूर्ण दाब येतो, आणि तो जीव घेऊ शकतो. नवं कार्ड घेण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. खड्डा कोरडा पडला असेल तर तो नव्याने भरून घ्या. हे मी कळकळीने सांगतो.

याच फिल्टरचं दुसरं काम म्हणजे एसएमपीएसमधला रेडिओ-गोंगाट अर्थमध्ये सोडून देणं. अर्थ नसेल तर तो गोंगाट वायरिंगमधून घरभर फिरतो आणि थोडा बाहेरही पडतो. आपल्या भागात याला वेगळं महत्त्व आहे. के40 चा 745 मेगाहर्ट्झ क्लॉक जीएमआरटीच्या 550 ते 850 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो. ज्या यंत्राने आकाश ऐकायचं, त्याच्याच कॉम्प्युटरचा आवाज त्याच्या कानात जाऊ शकतो. म्हणून खोडदला ही यंत्रणा रेडिओलहरी बाहेर न सोडणाऱ्या बंदिस्त खोलीत ठेवावी लागते. अशाच रेडिओ-गोंगाटाच्या कारणावरून पुणे–नाशिक रेल्वेच्या मार्गात जीएमआरटी आडवी आली तेव्हा आपल्याकडे पुष्कळांना राग आला, आणि रेल्वेची वाट बघणाऱ्यांचा राग मला समजतो. पण ही दुर्बीण ऐकते काय ते बघा. 2020 मध्ये हिच्याच मदतीने साडेसात हजारांहून जास्त दीर्घिकांचे सिग्नल एकत्र करून, सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचा माग काढला गेला. एकेका दीर्घिकेचा सिग्नल तर वेगळा दिसण्याइतकाही नव्हता. दुर्बिणीच्या जवळपास राहणाऱ्यांनी निदान काचेच्या भिंतीच्या कॅबिनेटऐवजी चारही बाजूंनी पत्र्याचं घ्यावं. काच रेडिओलहरी अडवत नाही, पत्रा अडवतो.

एवढं सगळं करून झाल्यावर ज्याला ओव्हरक्लॉक करायचंच आहे त्याने करावं, त्यात शिकण्यासारखं खूप आहे. आधी ब्लोअरने धूळ काढा. हवा मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो प्रमाणाबाहेर फिरून बेअरिंग जातं. दोन-तीन वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट बदला. मग व्होल्टेजला हात न लावता कार्डाचा क्लॉक एका वेळी 25 मेगाहर्ट्झने वाढवा आणि प्रत्येक पायरीवर अर्धा तास जड गेम चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके उमटले किंवा ड्रायव्हर कोसळला की दोन पायऱ्या मागे या. आणि जानेवारीत जुळवलेली पायरी कायमची धरू नका. एप्रिल संपता संपता, भर दुपारी, फॅन पूर्ण वेगाने फिरत असताना तीच चाचणी पुन्हा घ्या. तिथे जी पायरी टिकेल ती वर्षभर ठेवा.

पुढच्या आठवड्यात : एसएमपीएस किती वॅटचा घ्यावा, आणि साधा यूपीएस त्याच्याशी का भांडतो.