सेफ कॉलेज म्हणजे नक्की कोणतं? कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांचा पसंतीक्रम भरताना



सीईटीचा निकाल लागला की आपल्याकडे एक ठरलेलं दृश्य दिसतं. पालक निकालाची झेरॉक्स घेऊन येतात आणि विचारतात, "सर, याला कुठलं कॉलेज मिळेल?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न दोन-अडीच लाखांच्या आत आहे, तिथे उरलेला अर्धा प्रश्नही तितकाच मोठा असतो: "मिळालेलं कॉलेज चारही वर्षं परवडेल का?"

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे बारावीला एक मुलगा होता. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. पर्सेंटाइल ८८, प्रवर्ग खुला. नेट कॅफेवाल्याने त्याचा पसंतीक्रमाचा फॉर्म भरून दिला आणि शेवटी "सेफ म्हणून" पाच कॉलेजं टाकली. त्यातलंच एक मिळालं. म्हणजे कॅफेवाल्याचा अंदाज चुकला नाही. पण ते खाजगी कॉलेज घरापासून दोनशे किलोमीटरवर होतं. अर्धी फी माफ होऊनही उरलेली फी, होस्टेल आणि मेस यांसाठी वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. दुसऱ्या वर्षाची फी भरताच आली नाही. मुलगा घरी परतला आणि मोबाइलच्या दुकानात कामाला लागला. शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी कॉलेजात त्याला सिव्हिल मिळण्यासारखं होतं, पण त्याच्या फॉर्ममध्ये ते नावच नव्हतं. तो फॉर्म मी सबमिट होण्याआधी पाहिला नव्हता, ही माझीही चूक.

तेव्हापासून मी मुलांना सांगतो: सेफ कॉलेज तेच, जे तीन प्रश्नांना 'हो' म्हणतं. मिळेल का? परवडेल का? मुलगा किंवा मुलगी तिथे खरंच शिकायला जाईल का? एकाचं जरी उत्तर 'नाही' आलं, तरी ते कॉलेज सेफ नाही. इथे मी अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचं, म्हणजे कॅपचं, उदाहरण घेतलं आहे.

१) मिळेल का? कटऑफ कसा वाचायचा

राज्याचा सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर कॉलेज, शाखा आणि प्रवर्गनिहाय कटऑफ प्रसिद्ध करतो. या याद्या फुकट मिळतात, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. मात्र आपला रकाना नीट ओळखायला हवा. प्रवर्गाच्या आधी 'जी' असेल तर जागा सर्वसाधारण, 'एल' असेल तर मुलींसाठी. शेवटी 'एच' असेल तर त्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांची जागा, 'ओ' असेल तर त्या क्षेत्राबाहेरच्यांची आणि 'एस' असेल तर राज्यस्तरीय. एकाच शाखेचा कटऑफ या रकान्यांत बराच वेगळा असू शकतो. दुसऱ्याच्या रकान्यातला आकडा पाहून "मिळेल" म्हणणं ही नेहमीची चूक आहे.

किमान तीन वर्षांचे कटऑफ पाहा. आपलं पर्सेंटाइल तिन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या कटऑफपेक्षा चार-पाचने जास्त असेल, तरच मी त्या पर्यायाला 'मिळेल' म्हणतो. हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे, नियम नव्हे. शेवटच्या फेरीचा कटऑफ अनेकदा खाली आलेला असतो. त्याच्या भरवशावर आशा ठेवायला हरकत नाही, पण त्याला सेफ म्हणू नका.

२) परवडेल का? कागदावर हिशेब मांडा

हिशेब मांडण्याआधी आपल्याला कोणती सवलत लागू आहे ते पाहा. थोडक्यात असं:

• खुला, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातले मुलगे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत: राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क. ही योजना कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांपुरती आहे.
• इतर मागास प्रवर्गातले मुलगे, उत्पन्न ८ लाखांपर्यंत: निम्मं शिक्षण शुल्क.
• वरच्या दोन्ही गटांतल्या मुली: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार २०२४-२५ पासून संपूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ.
• अनुसूचित जाती व जमाती: उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचं उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप.

या सवलतींसाठी प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला त्या मिळत नाहीत. मुलींची शंभर टक्के माफी खाजगी आणि अभिमत विद्यापीठांत लागू नाही. प्रवेश घेताना "स्कॉलरशिप बसेल, काळजी करू नका" असं कुणी तोंडी सांगितलं, तर "जागा कॅपची आहे का?" एवढंच विचारा.

दुसरी गोष्ट, सवलत प्रामुख्याने शिक्षण शुल्कावर मिळते. खाजगी कॉलेजात त्याशिवाय विकास शुल्क असतं, आणि राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. समजण्यासाठी एक नमुना घेऊ. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमच्या कॉलेजचे घाला.

खाजगी कॉलेज, घरापासून लांब: शिक्षण शुल्क १,१०,०००, विकास शुल्क ११,०००, होस्टेल व मेस ७५,०००, पुस्तकं, प्रवास वगैरे १४,०००. एकूण २,१०,००० रुपये.

खुल्या प्रवर्गातल्या मुलाचे यातले ५५,००० माफ होतील. उरले वर्षाला १,५५,०००, म्हणजे चार वर्षांचे ६,२०,०००.

त्याच्याच सख्ख्या बहिणीचे १,१०,००० माफ होतील. उरले वर्षाला १,००,०००, म्हणजे चार वर्षांचे ४,००,०००.

कॉलेज तेच, घर तेच. तरीही जे बहिणीच्या आवाक्यात येऊ शकतं, ते भावाच्या येईलच असं नाही. म्हणून शेजारच्या मुलाची यादी उतरवून काढू नका.

आता सरकारी कॉलेज पाहू, तेही लांबचं: सगळी फी ३०,०००, शासकीय वसतिगृह व मेस ५०,०००, इतर १४,०००. सवलत न धरताही वर्षाला ९४,०००. आणि घराजवळचं खाजगी कॉलेज असेल, तर पहिल्या उदाहरणातले होस्टेल-मेसचे ७५,००० जाऊन एसटीचा विद्यार्थी पास येतो. म्हणजे लांबचं सगळंच महाग नाही आणि खाजगी सगळंच अशक्य नाही.

कराड, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, जळगाव, चंद्रपूर, यवतमाळ, अवसरी खुर्द या ठिकाणी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, नांदेडला श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. पुणे-मुंबईच्या नावांपुढे ही नावं बरेच पालक ऐकतही नाहीत. कॉम्प्युटरचा कटऑफ तिथेही उंच असतो, पण सिव्हिल, मेकॅनिकल अशा शाखांचा त्याहून बराच खाली असू शकतो.

राहण्याच्या खर्चासाठीही योजना आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयम्, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. पण हिशेब करताना एक पथ्य पाळा: हे पैसे उशिरा येतात असं धरूनच चाला. प्रवेशाच्या दिवशी पहिल्या हप्त्याला घरात रोख किती आहे, हा आकडा पालकांशी एकांतात बोलून विचारा. वर्गात चारचौघांत विचारलं तर खरा आकडा कुणी सांगणार नाही.

३) जाईल का?

मुलीला दोनशे किलोमीटरवर पाठवायला घर तयार नसेल, तर ते कॉलेज कटऑफने कितीही सेफ असलं तरी उपयोगाचं नाही. एखाद्याला ती शाखाच नको असेल, तर पहिल्या सेमिस्टरला विषय राहू लागतात. ही चर्चा फॉर्म भरण्याआधी घरात होऊ द्या. जागा मिळाल्यावर झाली तर उशीर होतो.

क्रम कसा लावायचा?

इथे एक मोठा गैरसमज आहे. "वर अवघड कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जाईल," असं अनेक पालकांना वाटतं. तसं होत नाही. संगणक यादी वरून वाचत येतो आणि गुणवत्तेनुसार बसणारा पहिला पर्याय देतो. सेफ कॉलेज दहाव्या क्रमांकावर आहे म्हणून ते आपल्यापेक्षा कमी गुणांच्या मुलाला, त्याने ते पहिलं टाकलं एवढ्यावरून, मिळत नाही. म्हणून क्रम मनापासून लावा: सगळ्यात हवं ते वर, सेफ ते खाली. सेफ पर्याय किमान चार-पाच ठेवा.

उलट एक धोका मात्र खरा आहे. २०२५-२६ च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी पर्याय मिळाला, तर तो घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे "बघू तरी मिळतं का" म्हणून वर टाकलेलं न परवडणारं कॉलेज मिळालं, तर पंचाईत होते. म्हणून नियम एकच: जे परवडणार नाही, ते यादीत कुठेच नको. पहिल्या क्रमांकावरही नको आणि शेवटच्यावरही नको. फेऱ्यांचे नियम बदलत असतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

शिक्षण शुल्क माफीच्या जागा, म्हणजे टीएफडब्ल्यूएस, याही लक्षात ठेवा. प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा असतात, उत्पन्नमर्यादा ८ लाख आणि शिक्षण शुल्क पूर्ण माफ. त्यांचा पर्याय क्रमांक वेगळा असतो आणि त्याच्या शेवटी 'टी' असतं. कॉलेजचा साधा क्रमांक टाकला म्हणजे ही जागा आपोआप मागितली जात नाही. त्यांचा कटऑफ सहसा उंच असतो, म्हणून त्या सेफमध्ये धरू नका, पण वर जरूर टाका. अशी जागा घेतली की नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, हेही आधीच सांगा.

कागद आणि कॅपबाहेरची दारं

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर: यातला आपल्याला लागणारा एक कागद मुदतीत नसला, तर मूल खुल्या प्रवर्गात मोजलं जाऊ शकतं आणि सेफ समजलेलं कॉलेज हातचं जातं. जून-जुलैत सेतू केंद्रावर रांगा लागतात. अकरावीच्या सुट्टीतच अर्ज करायला लावा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का तेही तेव्हाच पाहा, कारण महाडीबीटीचे पैसे त्या खात्यात येतात.

कॅपच्या बाहेरही एक दार उघडं असू द्या. घराजवळच्या अनुदानित कॉलेजात बी.एस्सी. हा कमी खर्चाचा आणि सन्मानाचा मार्ग आहे. फक्त तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित ते विचारून घ्या, एकाच इमारतीत दोन्ही असतात आणि फीत मोठा फरक पडतो. बीसीए-बीबीएला २०२४-२५ पासून सीईटी आहे, त्यामुळे "काही नाही तर बीसीए" हे आता गृहीत धरता येत नाही. आणि दहावीच्या पालकांनो, शासकीय तंत्रनिकेतनातला डिप्लोमा विसरू नका. तीन वर्षांनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. महागड्या पदवीचं एक वर्ष त्यात वाचतं.

शिक्षकांना एक विनंती. फॉर्म भरायच्या आठवड्यात एक संध्याकाळ शाळेत थांबा. पालकांना बोलवा, प्रत्येक पर्यायापुढे तीन रकाने आखा: मिळेल, परवडेल, जाईल. तिन्हींत बरोबरची खूण असलेली किमान चार नावं होईपर्यंत फॉर्म सबमिट होऊ देऊ नका. मुलामागे अर्धा तास लागतो. त्या हमालाच्या मुलासाठी मी तो अर्धा तास काढला नव्हता.