टोमॅटिलो आणि स्टीव्हिया: एकाला फुलू द्या, दुसरीला नको

गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या यादीत आता टोमॅटिलो आणि स्टीव्हिया ही दोन नावंही दिसू लागली आहेत. टोमॅटिलो मूळचा मेक्सिको आणि ग्वाटेमालातला, तर स्टीव्हिया ईशान्य पॅराग्वेतल्या अमाम्बाय या डोंगराळ भागातली. दोघांत एक साम्य आहे: स्वतःच्याच परागावर दोघांनाही बी धरत नाही. पण टोमॅटिलोचं आपण फळ खातो आणि स्टीव्हियाचं पान. एवढ्या एका फरकाने लागवडीचे नियम उलटेपालटे होतात. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की हाती काहीच लागत नाही.

गैरसमज: टोमॅटिलो म्हणजे कच्चा, हिरवा टोमॅटो.

दोघं एकाच कुळातले, पण टोमॅटिलो जास्त जवळचा आहे तो रसभरीला आणि आपल्याकडे बांधावर आपोआप उगवणाऱ्या रानपोपटीला. फूल गळलं की त्याचा हिरवा निदलपुंज फुगत जातो आणि कागदी कंदिलासारखा लोंबतो. फळ त्याच्या आत वाढतं. मेक्सिकोत मक्याच्या शेतात, शेंगा-भोपळ्याच्या जोडीला तो शतकानुशतकं वाढत आला आहे.

गैरसमज: घरापुरतं एक रोप पुरे.

टोमॅटो, वांगी, मिरचीला एक रोप पुरतं. रसभरीलाही पुरतं. टोमॅटिलोला पुरत नाही, आणि सगळ्यांत मोठी निराशा इथेच पदरी येते. झाड कंबरेच्या वर जातं, तळाशी तपकिरी ठिपके असलेली पिवळी फुलं लगडतात, मधमाश्या येतात, आणि तरी फुलं गळून जातात. कधी आवरण फुगतंही, पण बोटांनी दाबलं तर आत नुसती हवा. मग खत घातलं जातं, औषध फवारलं जातं. झाडाला मात्र काहीच झालेलं नसतं. स्वतःच्या परागाची नळी ते आपल्या फुलात बीजांडापर्यंत पोहोचूच देत नाही.

म्हणून बियांपासून वाढवलेली किमान दोन, जमल्यास तीन रोपं जवळजवळ लावावीत. एकाच पाकिटातल्या बिया चालतात. पण एकाच झाडाची फांदी रुजवून केलेलं दुसरं रोप चालत नाही. टोमॅटिलोची फांदी मातीला टेकली तरी मुळं फुटतात, त्यामुळे हा मोह होतो खरा. पण ते रोप म्हणजे जनुकीयदृष्ट्या तेच झाड, त्याचा पराग परकाच नाही. उंच मजल्यावर मधमाश्या येत नसतील तर सकाळी मऊ कुंचला एका झाडाच्या फुलावरून दुसऱ्या झाडाच्या फुलावर फिरवावा.

झाड पसरट वाढतं. जमिनीत दोन-तीन फुटांचं अंतर, किंवा प्रत्येकाला पंधरा-वीस लिटरची कुंडी आणि काठीचा आधार हवा. कडक उन्हाळ्यात फुलं टिकत नाहीत, म्हणून आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर रोपं लावणं सोयीचं. ज्या मातीत आधी टोमॅटो, वांगी किंवा मिरची होती ती टाळावी. रोग आणि किडी सामाईक आहेत.

गैरसमज: पिवळा झाला की तोडायचा.

फळ आवरणात ठासून भरलं आणि आवरण तडकू लागलं की तोडावं, रंग हिरवा असतानाच. पिवळा झालेला टोमॅटिलो खाता येतो, पण ज्या आंबटपणासाठी तो लावला तो कमी होऊन बसतो. (काही वाण जांभळे असतात, त्यांची गोष्ट वेगळी.) आवरण सोलल्यावर हाताला लागणारा चिकटा हा झाडाचाच स्राव, औषधाचा अंश नव्हे, कोमट पाण्याने धुतला की जातो. आवरण, पानं, देठ मात्र खाऊ नयेत. मेक्सिकोत हे फळ तव्यावर हिरव्या मिरचीसोबत भाजून, कांदा-लसूण-कोथिंबीर घालून वाटतात. ठेच्यावर वाढलेल्या जिभेला ही चव परकी वाटत नाही.

गैरसमज: स्टीव्हियाही बियांपासूनच लावावी.

इथे नियम उलटतो. बी जेमतेम तीन मिलिमीटरचं, टोकाला केसांचा झुबका. तळहातावर घेऊन पाहिलं तर काही काळपट, भरीव दिसतात आणि बरीच फिकट, पोकळ. फिकट उगवतच नाहीत. काळी उगवली तरी परपरागामुळे प्रत्येक रोप वेगळं निघतं. एकाचं पान चांगलं गोड, शेजारचं कडवट. म्हणून ज्या झाडाचं पान चाखून पाहिलं आहे, त्याचीच बोटभर लांबीची, न फुललेली फांदी कलम म्हणून रुजवावी. टोमॅटिलोत जी नक्कल निरुपयोगी ठरते, तीच इथे हवी असते.

गैरसमज: फुलं आली म्हणजे झाड खूश आहे.

स्टीव्हिया शेवंतीच्या कुळातली, आणि शेवंतीसारखीच दिवस लहान झाले की फुलणारी. साधारण १३ तासांहून लहान दिवस तिला कळ्या धरायला पुरतो. महाराष्ट्रात जूनमधला सर्वांत मोठा दिवसही १३ तासांच्या थोडाच पुढे जातो, त्यामुळे इथे ती वर्षातला बहुतेक काळ फुलायच्या बेतात असते. पानातली गोडी कळ्या उमलण्याच्या अगदी आधी सर्वांत जास्त असते, फुलल्यावर उतरते. म्हणून शेंडे खुडत राहायचं, आणि कळ्या दिसल्या की जमिनीपासून चार बोटं सोडून झाड छाटायचं. ते पुन्हा फुटतं. चांगली निगा राखली तर तीन-चार वर्षं टिकतं.

पाण्याचं कसं? ती मूळची पाणथळीच्या कडेची, म्हणून तिला चिखल आवडतो असं समजू नये. तिथली माती रेताड, निचऱ्याची. मुळं उथळ आणि नाजूक असतात. कोरडी पडली तरी झाड माना टाकतं आणि पाणी साचलं तर कुजतं. थोडं पाणी, वारंवार. काळ्या मातीत वाळू आणि कंपोस्ट मिसळल्याशिवाय लावू नये. पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्यावी. नत्राचा मारा केला तर पानं मोठी होतात, गोड होत नाहीत.

गैरसमज: घरचं पान आणि बाजारातली पांढरी पूड एकच.

सुकं पान साखरेच्या दहा-पंधरा पट गोड लागतं. त्यातून वेगळे काढलेले स्टेव्हिओल ग्लायकोसाइड्स दोनशे ते तीनशे पट. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००८ साली रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅम (स्टेव्हिओल म्हणून मोजून) ठरवली, ती या शुद्ध अर्कासाठी. पानाच्या पुडीसाठी नव्हे. बाजारातल्या पुडीत वजन वाढवायला माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज घातलेलं असू शकतं, आणि ते रक्तातली साखर वाढवतं. वेष्टनावरचे घटक वाचावेत. स्टीव्हिया मधुमेहावरचं औषधही नाही. ती साखरेची जागा घेते, गोळीची नाही. आणि जागाही सगळीकडे घेत नाही: चहात दोन-तीन पानं उकळली की काम होतं, पण तिचा पाक होत नाही, त्यामुळे पाकातले लाडू किंवा चिक्की तिच्यावर जमत नाही.