बदनाम माणसांचा वकील

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की घोडे, तलवारी, जिरेटोप आणि पल्लेदार संवाद! ना. सं. इनामदारांकडे हे सगळं आहेच, पण खरी गंमत आहे त्यांच्या हीरोंमध्ये. 'झेप'मध्ये त्र्यंबकजी डेंगळे, 'मंत्रावेगळा'त दुसरा बाजीराव आणि 'शहेनशहा'त चक्क औरंगजेब! शाळेत ज्यांना आपण एका ओळीत निकालात काढलं, नेमकी तीच माणसं.

आता 'शिकस्त' घ्या. १७६१च्या पानिपतावरून सदाशिवरावभाऊ परतले नाहीत, पण पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानलं नाही. पुढे भाऊंचा तोतयाही उभा राहिला. इतिहास एवढंच सांगतो. रोज कुंकू लावताना त्या बाईच्या मनात काय चालायचं, हे कुठल्या दप्तरात सापडणार? कादंबरीकाराचं काम तिथून सुरू होतं. तारीख बदलायची नाही, मन मात्र शोधायचं.

आम्हा नागपूरकरांकडे अशी एक केस पडून आहे. सीताबर्डीला मेट्रो बदलून ऑफिस गाठणाऱ्या माझ्यासारख्यांना शेजारची टेकडी रोजचीच. २६ नोव्हेंबर १८१७च्या संध्याकाळी तिथे भोसल्यांची फौज इंग्रजांवर तुटून पडली, दुसऱ्या दिवशी हरली. अप्पासाहेब भोसले म्हणाले, लढाई माझ्या हुकमाने झालीच नाही! बनवाबनवी, भीती, की मुत्सद्देगिरी? बरं, चुलतभाऊ परसोजीच्या खुनाचा आरोपही त्यांच्यावरच. पुढे अलाहाबादच्या वाटेवर कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात लपले आणि १८४०मध्ये पार जोधपूरला वारले. 'मंत्रावेगळा' वाचल्यापासून मला हा माणूस इनामदारांच्याच हाती पडायला हवा होता असं वाटतं. ते २००२ मध्ये गेले.

अर्थात वकील चांगला असला की धोकाही मोठा. 'राऊ' आली १९७२ साली, तिच्यावरचा 'बाजीराव मस्तानी' २०१५ साली. आता लंच टाइमला बाजीरावाचा विषय निघाला की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रणवीर सिंगच! वकिलाचं म्हणणं म्हणजे निकाल नव्हे, एवढं भान वाचकाने ठेवायला नको का? 'राऊ' वाचून झाली की शेजारी एखादं इतिहासाचं पुस्तकही उघडा. मजा दुप्पट होते.

या वीकएण्डला सुरुवात करायची तर 'झेप'पासून करा. १८१६ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यातून इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन पळालेल्या माणसाची गोष्ट आहे. सोमवारी ऑफिसला उशीर झाला तर मला बोल लावू नका.