परसबागेतला बटाटा: नांदेड-लातूरसाठी कोणता वाण?

‘कुफरी’ म्हणजे: शिमल्याजवळचं गाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या (स्थापना 1949) वाणांच्या नावाआधी ते लागतं.

हंगाम: रब्बी. लागवड दसरा-दिवाळीच्या सुमारास. कंद धरायला रात्री 20 अंशांखालचा गारवा लागतो. आपल्याकडे फेब्रुवारीतच ऊन तापतं, म्हणून लवकर येणारे वाण आधी बघायचे.

- कुफरी लवकर (1972): महाराष्ट्राच्या पठारासाठीचा वाण, नावही मराठीच. पांढरा, गोल. साधारण 75 ते 80 दिवस.
- कुफरी चंद्रमुखी (1968): पांढरा, लांबट गोल. हाही लवकर येणारा.
- कुफरी पुखराज (1998): पिवळसर साल, आत पिवळा गर. उतारा भरपूर.
- कुफरी सूर्या (2006): उष्णता सहन करणारा. रात्रीचं तापमान 20 अंशांच्या वर गेलं तरी कंद धरतो. थंडी उशिरा आली तर उपयोगी.
- कुफरी ज्योती (1968): मध्यम मुदतीचा.
- कुफरी सिंदुरी: लाल सालीचा, उशिरा येणारा. इथे उन्हात सापडतो.

बेणं: 40 ते 50 ग्रॅमचे, डोळे फुटलेले कंद. बाजारातला खायचा बटाटा बेणं नव्हे. त्यातून रोग येऊ शकतात, काहींना मोड येऊ नयेत म्हणून औषधही मारलेलं असतं.

जमीन: चिकण काळ्या मातीत पाणी साचून कंद सडतात. शेणखत आणि वाळू मिसळून उंच वाफा करायचा, नाहीतर गोणीत लावायचा.

मातीची भर: देत राहायची. कंद उघडे पडले की हिरवे होतात, त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. असे बटाटे खात नाहीत.

फेरपालट: वांगी, टोमॅटो, मिरची बटाट्याच्याच कुळातली. त्यांच्या वाफ्यात लगेच बटाटा नको.