सॉफ्टवेअरचा मेगाब्लॉक

हॉस्टेलमध्ये विशलिस्ट बनवायला वेळ लागत नाही. मेसची भाजी म्हणा नाहीतर वाय-फाय म्हणा, कुठलाही विषय द्या, ताट धुवून होईपर्यंत वीस सूचना तयार! सॉफ्टवेअरचंही तेच. सबमिशनच्या आठवड्यात आमच्या मजल्यावर दर दुसऱ्या खोलीत सायलॅब किंवा ऑक्टेव्ह उघडलेलं असतं आणि "यात हे का नाही? मॅटलॅबमध्ये तर एका ओळीत होतं" हे वाक्य सारखं कानावर पडतं. तक्रार बऱ्याचदा खरीही असते. पण फुकट मिळणाऱ्या, सगळ्यांना उघड्या असलेल्या या गणिती सॉफ्टवेअरमध्ये पुढे काय सुधारायचं हे ठरवतं कोण? आणि साधी वाटणारी सुधारणा यायला वर्षानुवर्षं का लागतात? ते समजलं तर आपण यात काय करू शकतो हेही समजेल, म्हणून हा लेख.

आधी थोडी ओळख

सायलॅबचं काम फ्रान्समध्ये १९९० साली सुरू झालं. इन्रिया ही संशोधन संस्था आणि तिथलं एक नामवंत अभियांत्रिकी विद्यालय यांनी ते केलं आणि १९९४ पासून इंटरनेटवर मोफत दिलं. ऑक्टेव्हची गोष्ट केमिकलच्या मंडळींना आवडेल. केमिकल रिअ‍ॅक्टर डिझाइनच्या एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून अमेरिकेत जॉन ईटन यांनी १९९२ साली ते नेटाने लिहायला घेतलं. नाव दिलं आपल्या प्राध्यापकांचं, ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील यांचं. होय, रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंगच्या पुस्तकावरचे तेच लेव्हेनस्पील! तिसरं नंपाय. पायथॉनमध्ये मॅट्रिक्सची कामं करणाऱ्या दोन वेगवेगळ्या लायब्रऱ्या होत्या. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी त्या एकत्र आणल्या आणि २००६ साली नंपायची १.० आवृत्ती आली.

वरून ही तिन्ही वेगळी दिसली तरी मॅट्रिक्सचं जड काम खाली ब्लास आणि लापॅक या जुन्या, तावूनसुलाखून निघालेल्या लायब्रऱ्यांच्याच पद्धतीने होतं. बिल्डिंगचा रंग वेगळा, पाया एकाच पद्धतीचा. पायात हात घालायचा तर वर राहणाऱ्यांना विचारावं लागतं, हे ओघानं आलंच.

न ओरडणारी चूक

एखादा गेम बिघडला तर स्क्रीन गोठते आणि लगेच कळतं. गणिती सॉफ्टवेअर बिघडलं तर ते शांतपणे एक आकडा देतं. आकडा दिसायला छान असतो, फक्त चुकीचा असतो. तोच आकडा पुढे बीमच्या डिझाइनमध्ये किंवा पंपाच्या निवडीत जातो.

एक प्रयोग करून बघा. पहिल्या ओळीत १, १/२, १/३…, दुसरीत १/२, १/३, १/४… अशी १० बाय १० ची मॅट्रिक्स घ्या. हिला हिल्बर्ट मॅट्रिक्स म्हणतात. संगणक साधारण १६ अंकांपर्यंत अचूक आकडा धरतो. पण या मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर १० च्या १३ व्या घाताइतका मोठा आहे. म्हणजे समीकरणं सोडवताना १६ पैकी १३ अंकांवर पाणी सोडायची तयारी ठेवा, भरवशाचे उरतात जेमतेम तीन. आता कुणी वेग वाढवायला म्हणून बेरजेचा क्रम जरी बदलला, तरी अशा ठिकाणी उत्तर हलतं. म्हणूनच "फास्ट करा ना" ही सूचना ऐकायला सोपी असली तरी अमलात आणायला सोपी नाही. आधी अचूकपणा, मग जुन्या प्रोग्रामची काळजी, मग वेग आणि सगळ्यात शेवटी नवी फंक्शन्स. सुधारणांचा हा क्रम मला योग्य वाटतो. आपली विशलिस्ट बरोब्बर उलट्या क्रमाने असते!

सायलॅबचा स्टॅक

सीनियर मंडळींना विचारा, सायलॅब ५ मध्ये मोठी मॅट्रिक्स घेतली की "स्टॅक साइझ संपला" असा एरर यायचा. कारण सायलॅब आपली सगळी व्हेरिएबल्स मेमरीच्या एका ठरावीक मापाच्या कप्प्यात ठेवायचं. ही जुन्या फोरट्रानच्या काळातली पद्धत. संगणकात मेमरी मोकळी पडलेली असली तरी कप्पा भरला की काम बंद. मग स्टॅकसाइझ नावाच्या फंक्शनने कप्पा मोठा करायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा.

उपाय उघड होता, कप्पाच काढून टाकायचा. पण हा कप्पा सायलॅबच्या मुळाशीच होता. त्यासाठी प्रोग्राम वाचून चालवणारा संपूर्ण इंटरप्रिटर नव्याने लिहावा लागला. ५.० आवृत्ती २००८ ची आणि हा बदल घेऊन आलेली ६.० आवृत्ती २०१७ ची. मधली नऊ वर्षं बघा! शिवाय सी भाषेत लिहिलेले जे टूलबॉक्स थेट त्या जुन्या कप्प्यात हात घालून काम करत होते, त्यांची दुरुस्ती करणं आलंच. एखाद्या लॅबने "आमचं ५.५.२ बरं चाललंय, नवीन नको" असं म्हटलं, तर त्या लॅब असिस्टंटना नावं ठेवण्यात अर्थ नाही. नवी आवृत्ती कितीही चांगली असली तरी सोमवारी सकाळी वीस मुलांचं प्रॅक्टिकल त्यांना घ्यायचं असतं.

२०० अधिक १०० बरोबर ४४

दुसरं उदाहरण नंपायचं. फोटोतल्या पिक्सेलचा आकडा बहुधा ८ बिटमध्ये ठेवतात, म्हणजे ० ते २५५. समजा पिक्सेल २०० आहे आणि फोटो उजळ करायला त्यात १०० मिळवले. उत्तर ३०० हवं, पण ८ बिटमध्ये ३०० मावत नाही. गाडीच्या किलोमीटरच्या काट्यासारखं २५५ नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतं आणि ४४ उरतात.

नंपायच्या १.x आवृत्त्यांमध्ये गंमत अशी होती, की हा २०० एकटा सुटा आकडा असेल तर उत्तर ३०० यायचं, कारण नंपाय गुपचूप मोठा प्रकार निवडायचं. तोच २०० अ‍ॅरेमध्ये बसलेला असेल तर ४४! एकाच बेरजेची दोन उत्तरं. हे सुधारायलाच हवं होतं. पण कुठल्याही एका बाजूला सुधारलं की दुसऱ्या बाजूवर विसंबलेले जगभरचे प्रोग्राम बदलणार.

मग त्यांनी काय केलं? नंपायमध्ये मोठा बदल करायचा तर आधी रीतसर प्रस्ताव लिहावा लागतो. बदल का हवा, जुन्या प्रोग्रामचं काय होईल, दुसरे कोणते मार्ग होते आणि ते का नाकारले, हे सगळं त्यात लिहायचं आणि मग सगळ्यांसमोर त्याची चिरफाड होऊ द्यायची. या बदलाचा प्रस्ताव क्रमांक ५० हा २०२१ साली लिहिला गेला आणि जून २०२४ मध्ये २.० आवृत्तीतून अमलात आला. आता सुट्या आकड्यालाही ४४ च येतात, पण सोबत "आकडा मावला नाही" अशी वॉर्निंग येते. जुना प्रोग्राम तपासून कुठे काय बदलावं लागेल हे दाखवणारं साधनही उपलब्ध करून दिलं. १.० पासून २.० पर्यंत यायला १८ वर्षं लागली!

मेगाब्लॉक कसा घ्यायचा

आपण खांदेश्वरकर हार्बर लाइनवाले, त्यामुळे हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. रूळ बदलायला हवेतच, पण गाड्याही धावायला हव्यात. म्हणून रविवारी मेगाब्लॉक, तोही आधी जाहीर करून, कुठून कुठपर्यंत आणि किती वाजेपर्यंत ते सांगून. न सांगता पनवेल-वाशी बंद केलं तर काय होईल याची कल्पना करा.

सॉफ्टवेअरमधलं जुनं फंक्शन काढायचीही हीच रीत. ऑक्टेव्हमध्ये एखादं फंक्शन काढायचं ठरलं की ते लगेच गायब करत नाहीत. पुढच्या दोन मोठ्या आवृत्त्यांत ते चालू ठेवतात आणि वापरलं की वॉर्निंग देतात, "हे जाणार आहे, त्याऐवजी अमुक वापरा." त्यानंतरच काढतात. नंपायचा नियमही किमान दोन आवृत्त्या आधी इशारा देण्याचा आहे. तेव्हा स्क्रीनवर वॉर्निंग आली की "चालतंय ना, सोड" म्हणून पुढे जाऊ नका. ती मेगाब्लॉकची पाटी आहे.

माणसं किती?

योजना कागदावर कितीही छान असली तरी काम करणारे हात लागतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या नंपायला मोठा असा पहिला निधी मिळाला तो २०१७ साली. अमेरिकेतल्या मूर फाउंडेशनने बर्कलेच्या विद्यापीठामार्फत सुमारे ६ लाख ४५ हजार डॉलर दिले. तोपर्यंतची अकरा वर्षं बहुतेक काम नोकरी आणि अभ्यास सांभाळून, फावल्या वेळात झालं. ऑक्टेव्हचा गाडाही मुख्यतः स्वयंसेवकांच्याच जोरावर चालतो. म्हणून "पुढच्या वर्षी काय सुधारायचं?" या प्रश्नाच्या आधी "पुढच्या वर्षी कोण असणार आहे?" हा प्रश्न येतो. नवं फंक्शन एकदा घेतलं की ते जन्मभर सांभाळावं लागतं. लिहिणारा पास होऊन निघून गेला तर त्यातले बग कोण काढणार?

आपल्या शेजारचं काम

हे सगळं फ्रान्स-अमेरिकेतच चालतं असं समजू नका. पवईच्या आयआयटीत फॉसी नावाचा प्रकल्प आहे. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर यावं म्हणून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण मिशनखाली तो सुरू झाला आणि त्यामागे केमिकल विभागाचे प्रा. कण्णन मौद्गल्य यांचा पुढाकार. तिथल्याच एरोस्पेस विभागातले प्रा. प्रभु रामचंद्रन यांनी मायावी हे त्रिमितीय आलेखांचं पायथॉन सॉफ्टवेअर लिहिलं, तेही जगभर वापरलं जातं.

फॉसीचा मला सगळ्यात आवडणारा उपक्रम म्हणजे टेक्स्टबुक कंपॅनियन. एक प्रचलित पाठ्यपुस्तक घ्यायचं, त्यातल्या प्रत्येक सोडवलेल्या उदाहरणाचा सायलॅब प्रोग्राम लिहायचा आणि उत्तर पुस्तकाशी ताडून बघायचं. देशभरच्या विद्यार्थ्यांनी अशी शेकडो पुस्तकं पूर्ण केली आहेत. लॅब मायग्रेशन या उपक्रमात कॉलेजच्या आख्ख्या लॅबचे प्रयोग सायलॅबवर आणले जातात. स्पोकन ट्युटोरियलचे छोटे धडे मराठीतूनही आहेत.

आता यात सुधारणांच्या नियोजनाचा काय संबंध? संबंध असा, की नवी आवृत्ती आणताना काय मोडलं हे कळायला एकच उपाय आहे. उत्तर आधीच माहीत असलेले भरपूर जुने प्रोग्राम पुन्हा चालवून बघायचे. आणि कंपॅनियन म्हणजे नेमकं तेच! बॉयलर, ट्रान्सफॉर्मर, फिल्टर, कॉलम, सगळ्या ब्रँचची उदाहरणं आणि शेजारी छापील उत्तर. माझ्या मते पुढच्या योजनेत पहिला क्रमांक याचा हवा. प्रत्येक नवी सायलॅब आवृत्ती बाहेर येण्याआधी हे सगळे प्रोग्राम तिच्यावर आपोआप चालावेत आणि जिथे उत्तर बदललं त्याची यादी निघावी. कुठे पुस्तकातच छपाईची चूक सापडेल, कुठे सॉफ्टवेअरची. दोन्ही सापडलेल्या बऱ्या.

आपण काय करायचं?

सी-प्लसप्लस येत नाही म्हणून हात झटकू नका. तीन कामं कुणालाही जमतील.

पहिलं, बग नीट कळवा. "सायलॅब चालत नाही" हा बग नाही, ती हाय आहे! आवृत्ती कोणती, विंडोज की लिनक्स, पाच-सात ओळींचा छोटा प्रोग्राम, उत्तर काय यायला हवं होतं आणि का, प्रत्यक्षात काय आलं. एवढं लिहिलं की दुसऱ्या टोकाला बसलेला अनोळखी माणूस तीच चूक आपल्या मशीनवर बघू शकतो. तसं झालं की अर्धं काम झालं.

दुसरं, नवी आवृत्ती पक्की होण्याआधी चाचणीसाठी जी येते ती आपल्या जुन्या मशीनवर टाकून बघा. आपल्या लॅबमधले कमी मेमरीचे संगणक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे बहुधा नसतात. म्हणजे आपली अडचण हीच इथे आपली उपयुक्तता आहे.

तिसरं, मदतीच्या पानांत उदाहरणं घाला. बऱ्याच फंक्शनखाली कोरडी व्याख्या असते. थर्ड सेमच्या मुलाला कळेल असं एक उदाहरण घालणं हीसुद्धा सुधारणाच.

आणि हे केवळ समाजसेवा म्हणून नाही बरं का. पास झाल्यावर कॉलेजचं महागडं लायसन्स आपल्याबरोबर येत नाही. उद्या तळोज्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या युनिटमध्ये लागलात, तर तिथे मालकाच्या संगणकावर आपल्याला घालता येईल ते हेच सॉफ्टवेअर असेल. त्याने दिलेल्या आकड्यावर तेव्हा आपली सही असणार.

स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. दरवर्षी टर्मवर्क तपासून झालं की प्रोग्राम पुसले जातात. त्यातले ज्यांची उत्तरं हाताने तपासलेली आहेत तेवढे तरी प्रयोगाच्या नावासह एका फोल्डरमध्ये ठेवू या. पुढच्या आवृत्तीचा मेगाब्लॉक जाहीर झाला की एका दुपारी ते सगळे चालवून बघता येतील आणि कोणता प्रयोग अडला हे प्रॅक्टिकलच्या आधीच कळेल. आमच्या मजल्यावरून सुरुवातीला दहा-बारा फायली मी गोळा करून देतो.