पाच वॅटचा चॅम्प आणि लहान ट्यूब ॲम्पची पारख

फेंडर चॅम्प हा शिकाऊ गिटारवादकांसाठी बनवलेला स्वस्त ट्यूब ॲम्प्लिफायर. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून या धंद्यात आलेल्या लिओ फेंडर यांनी १९४६ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे आपली वाद्यकंपनी उभी केली आणि १९४८ मध्ये चॅम्पियन ८०० नावाचा छोटा ॲम्प बाजारात आणला. पुढच्याच वर्षी त्याच्या जागी आलेला चॅम्पियन ६०० हा मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारबरोबर जोडीने विकला जाई. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात या मालिकेला ५एफ१ हे सर्किट मिळाले. जाड विणीच्या पिवळसर कापडात मढवलेली पेटी, आठ इंची स्पीकर आणि आवाजाचे एकच बटण. खर्ज-तारस्वराचे वेगळे नियंत्रण नाही. लहान ट्यूब ॲम्पविषयी जे काही समजून घ्यायचे असते, ते जवळजवळ सगळे या एका यंत्रात दिसते.

यात ट्यूब फक्त तीन. १२एएक्स७ या ट्यूबच्या एकाच काचेत दोन ट्रायोड असतात. गिटारच्या पिकअपमधून येणारा क्षीण विद्युतसंकेत पहिला ट्रायोड वाढवतो, मग तो आवाजाच्या बटणातून दुसऱ्या ट्रायोडकडे जातो. तिथून ६व्ही६ ही शक्ती देणारी ट्यूब आणि तिच्या पुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. तिसरी ट्यूब, ५वाय३, ही रेक्टिफायर. ती घरच्या विजेचे डीसीत रूपांतर करते. स्पीकरकडे जाणाऱ्या संकेताचा थोडा अंश २२ हजार ओहमच्या एका रेझिस्टरमधून दुसऱ्या ट्रायोडकडे परत आणलेला असतो. त्याने विकृती आटोक्यात राहते आणि स्पीकरवर ताबा राहतो. हा एक रेझिस्टर सोडवला की तोच ॲम्प अधिक उघडा, खरबरीत आणि लवकर फाटणारा होतो. म्हणूनच घरी ५एफ१ बांधणारे अनेकजण त्या जागी स्विच बसवतात.

या मांडणीत शक्ती देणारी ट्यूब एकटीच काम करते. मोठ्या ॲम्पमध्ये दोन किंवा चार ट्यूब आळीपाळीने ओढतात आणि त्या जोडीमुळे सम संख्येचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे अंश, बऱ्याच प्रमाणात एकमेकांना खोडतात. एकट्या ट्यूबमध्ये ते खोडले जात नाहीत. दुप्पट कंपनाचा अंश मूळ स्वराचे वरचे सप्तकच असल्याने तो कानाला खटकत नाही, उलट स्वर भरल्यासारखा वाटतो. बटण आणखी फिरवले की लाटेची टोके कापली जातात आणि गुळगुळीत स्वराला किनार येते. शिवाय या मांडणीत ट्रान्सफॉर्मरमधून सतत डीसी वाहत असतो. त्यामुळे त्याच्या गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते, आणि चॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर मुळात छोटा असल्याने खर्जाचे स्वर त्याला पूर्ण पेलत नाहीत. हाय-फायच्या दृष्टीने हा दोषच. गिटारच्या बाबतीत मात्र त्याचा उपयोग होतो, कारण खर्ज कमी झाल्यावर फाटलेला आवाज चिखलासारखा न होता सुटा ऐकू येतो.

लहान ॲम्पच्या गोड दबलेपणाचे श्रेय पुष्कळदा रेक्टिफायर ट्यूबला दिले जाते. जोर वाढला की तिचा व्होल्टेज बसतो आणि स्वर मऊ होतो, असे कारण सांगतात. दोन ट्यूबच्या फेंडर डिलक्ससारख्या ॲम्पमध्ये ते बऱ्याच अंशी खरे आहे. चॅम्पमध्ये एकटी ट्यूब शांत असतानाही जवळजवळ तेवढाच प्रवाह ओढते, त्यामुळे व्होल्टेज फारसा बसत नाही. तिथला दबाव येतो तो मुख्यतः ताणल्या गेलेल्या ६व्ही६मधून, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून आणि स्पीकरमधून. केवळ ट्यूब रेक्टिफायर आहे म्हणून पाच वॅटच्या ॲम्पला जास्त किंमत मोजण्यात अर्थ नाही.

वॅट आणि कानाला जाणवणारा मोठेपणा यांचे नाते सरळ नाही. आवाज दुप्पट मोठा वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. म्हणजे पन्नास वॅटचा ॲम्प पाच वॅटच्या फक्त दुप्पट मोठा वाटतो, आणि अर्ध्या वॅटचा ॲम्प पाच वॅटच्या निम्मा. या हिशेबात स्पीकरचे स्थान वॅटइतकेच मोठे आहे. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ९० डेसिबल देणारे स्पीकर असतात, तसेच ९९ देणारेही. हा ९ डेसिबलचा फरक आठपट शक्तीइतका. चांगल्या बारा इंची स्पीकरवर पाच वॅटचा ॲम्प चाळीस वॅटच्या ॲम्पशी बरोबरी करू शकतो, तो याच कारणाने. ९७ डेसिबलच्या स्पीकरवर पाच वॅट दिले की एक मीटरवर सुमारे १०४ डेसिबल होतात. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार १०० डेसिबलचा आवाजसुद्धा दिवसाला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ऐकू नये. पाच वॅट म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नाही, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. भिंतीला भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये पूर्ण उघडलेला चॅम्प चालत नाही.

तरीही कमी वॅटचा फायदा खरा आहे. शक्ती देणारी ट्यूब फाटेपर्यंत ताणायची, तर पन्नास वॅटच्या ॲम्पला सभागृह लागते. पाच वॅटला बंद खोली पुरते. स्टुडिओत मायक्रोफोन लावला की खोलीतला मोठेपणा गौण ठरतो, उरतो तो स्वराचा पोत. १९७० मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत डेरेक अँड द डॉमिनोज या बँडचा ‘लैला’ हा अल्बम ध्वनिमुद्रित होत असताना एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांच्यासमोर चॅम्पसारखे छोटे ॲम्प होते. नील यंग यांनी १९५९ सालच्या फेंडर डिलक्सवर, म्हणजे साधारण पंधरा वॅटवर, आपला सगळा विद्युत गिटारचा नाद उभा केला. इंग्लंडमध्ये डिक डेनी यांनी १९५८च्या सुमारास वॉक्सचा एसी१५ घडवला. त्यात ईएल८४ या ट्यूबची जोडी होती. तिचा आवाज ६व्ही६पेक्षा चमकदार, वरच्या स्वरांत खणखणीत.

निवडताना पहिला प्रश्न गरजेचा. घर आणि ध्वनिमुद्रण एवढेच काम असेल, तर पाच वॅट पुरेसे. ड्रमबरोबर स्वच्छ आवाज हवा असेल, तर पाच वॅटला तो जमत नाही. तिथे बारा ते बावीस वॅटचा, दोन ट्यूबचा ॲम्प, उदाहरणार्थ फेंडर प्रिन्स्टन रिव्हर्ब किंवा डिलक्स रिव्हर्ब, योग्य ठरतो. मास्टर व्हॉल्यूमचे बटण असलेले ॲम्प कमी आवाजात फाटतात खरे, पण तिथे फाटतो तो सुरुवातीचा ट्रायोड. शक्तीची ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर निवांत असतात, त्यामुळे आवाज पातळ आणि माशीच्या गुणगुणण्यासारखा वाटू शकतो. ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये शक्ती शोषून घेणारा अटेन्युएटर लावला तर ट्यूब ताणली जाते, पण स्पीकरच्या कागदी कोनाचे फाटणे हरवते. त्यातच हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि तारस्वर दोन्ही कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते. त्यामुळे दुकानात मोठ्याने ऐकून घेतलेला ॲम्प घरी हळू वाजवला की निस्तेज वाटतो. ज्या पातळीवर रोज वाजवायचा त्याच पातळीवर तो ऐकावा.

ऐकण्याचीही एक पद्धत आहे. पिवळ्या चॅम्पच्या पट्टीवर आकडे एकपासून बारापर्यंत असतात. तीनवर स्वच्छ स्वर, सातच्या आसपास फाटण्याची सुरुवात आणि बारावर पूर्ण फाटलेला स्वर, असे तीन ठिकाणी ऐकावे. एकच स्वर छेडून तो विरेपर्यंत थांबावे. विरताना तो एकसारखा उतरला पाहिजे. मध्येच तुटला किंवा खाली वेगळाच बेसूर गुंजला, तर काही बिघडले आहे. मग बारावर ठेवून गिटारचे बटण निम्म्यावर आणावे. चांगला ॲम्प तिथे पुन्हा स्वच्छ होतो आणि बोटांचा जोर वाढवला की परत फाटतो. हा प्रतिसाद हीच लहान ट्यूब ॲम्पची खरी ओळख, आणि तो नसेल तर ट्यूब असूनही उपयोग नाही. शेवटी, जमल्यास तोच ॲम्प बारा इंची कॅबिनेटला जोडून ऐकावा. आठ इंची स्पीकर आणि छोटी पेटी यांनी अडवून ठेवलेला आवाज किती होता, ते तिथे कळते. फक्त स्पीकरचे ओहम जुळवून घ्यावेत, आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीही वाजवू नये; ट्रान्सफॉर्मर जळतो.

जुना ॲम्प घेताना आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाहावेत. दोन-तीन दशकांत ते सुकतात आणि गुणगुण वाढते. ट्यूबवर पेन्सिलीने हलकेच टकटक केल्यावर स्पीकरमधून घणघण आली, तर ती ट्यूब बदलावी. अनेक जुन्या अमेरिकी ॲम्पना दोन पिनांची वायर असते. तिच्या जागी अर्थिंगसह तीन पिनांची घालून घेणे हे पहिले काम. आत ३०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. त्यामुळे पेटी जाणकारानेच उघडावी. भारतात आणखी एक गोष्ट आड येते. हे ॲम्प अमेरिकेच्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनलेले. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण आपली वीज ५० हर्ट्झची ती ५० हर्ट्झचीच राहते, आणि फक्त ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर त्यावर जास्त तापतो. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा नवा ट्रान्सफॉर्मर बसवणे हा खात्रीचा उपाय.

ट्यूबची चिंता मात्र फारशी करण्याचे कारण नाही. ट्यूबचे (व्हॉल्व्हचे) रेडिओ घराघरांत होते त्या काळात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही ट्यूब बनत. आता ते उत्पादन मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये उरले आहे, पण १२एएक्स७ आणि ६व्ही६ दोन्ही नव्या मिळतात. चॅम्पमध्ये ६व्ही६चा बायस, म्हणजे शांत असताना तिने किती प्रवाह ओढायचा ते, तिच्या कॅथोडवरचा एक रेझिस्टर आपोआप ठरवतो, त्यामुळे मोठ्या ॲम्पप्रमाणे मीटर लावून जुळवाजुळव करावी लागत नाही. ॲम्प बंद करून थंड होऊ द्यायचा, मागून जुनी ट्यूब काढायची आणि नवी बसवायची.